एकाच टायरला खाचा

कडूबाच्या हाताला काम नसलं तरी चालायचं, पण डोक्यात प्रश्न नसला की त्याला घास गोड लागत नसे. असा माणूस गावात एखादा असावा, पण तो शेजारच्या घरात असावा, असं दुर्गाबाई म्हणायची. ती त्याची बायकोच असल्यामुळे तिच्या म्हणण्याला वजन होतं. पोरीच्या लग्नात द्यायला आणलेला कूलर या गृहस्थानं ऐन हळदीच्या दिवशी उघडून ठेवला होता. का, तर पाणी वर कसं चढतं ते बघायला. कूलर त्यानं परत जोडला, पण एक स्क्रू हातात उरला. पहिल्याच उन्हाळ्यात पोरीच्या सासरी तो कूलर खडखडायला लागला, आणि तेव्हापासून अक्षताच्या सासूनं, सगुणाबाईनं, व्याह्याला मनातून कायमचं ओळखून ठेवलं.

लेकीच्या घरून काही मागायचं नसतं, ही रीत कडूबालाही ठाऊक होती. पण यंदा गाडं उसावर अडलं होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, नाल्याच्या काठाला, त्याचं सखल रान. वरच्या शेतकऱ्यानं गव्हाला पाणी सोडलं की झिरपून झिरपून ते खाली कडूबाच्या उसात यायचं. त्यात पौषाची थंडी, दव, आणि दुपारपर्यंत न वाळणारी काळी माती. रानातून सडकेवर यायला एकच वाट, आणि त्या वाटेवर एक चढ. चढ म्हणजे काही घाट नव्हे, पण खाली कडक मुरूम आणि वर बोटभर गुळगुळीत गारा, म्हणजे चिकट चिखल. माणूससुद्धा तिथं देवाचं नाव घेऊन चढायचा. कारखान्याच्या ट्रकवाल्यानं सडकेवरूनच हात जोडले. "ऊस वर आणून द्या, मी भरतो. खाली काही मी उतरणार न्हाई." गावातले सगळे ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या उसाला जुंपलेले. तोडणीची टोळी रानात येऊन बसलेली, आणि मुकादम रोज सकाळी 'आम्हाला पुढं जायाचंय' म्हणून तंबाखू मळत उभा.

शेवटी जावयाचा ट्रॅक्टर आला. तो कसा आला ते अक्षतानं फोनवर सांगितलं. सासूला ती आत्या म्हणायची.

"बाबा, आत्या देऊच देत नव्हत्या. म्हणल्या, तुझ्या बापाचे हात गप बसत न्हाईत. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या बापाची जबाबदारी माझी. काही झालं तर मला बोला. आता तुम्ही फक्त चालवायचा. बोनट उघडायचं न्हाई, नट फिरवायचा न्हाई, काही म्हणता काही करायचं न्हाई."

"बिलकुल न्हाई. तुझी शप्पथ."

"माझी नका घेऊ, मला जगायचंय," अक्षता म्हणाली, पण तिचा आवाज हसण्यातला नव्हता.

कडूबाला ते समजलं. पोरीनं सासरी पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ते बापासाठी मागितलं होतं. इथं काही वाकडं झालं तर सगुणाबाई तो हिशोब कूलरला जोडणार आणि पुढची वीस वर्षं अक्षताला ऐकवणार. म्हणून जावई, सोमेश्वर, ट्रॅक्टर लावून बसनं परत गेला तेव्हा कडूबानं ट्रॅक्टरला लांबूनच नमस्कार केला. रविवारी न्यायला येतो, असं सोमेश्वर सांगून गेला होता. तो मुळात कमी बोलणारा, त्यामुळे त्याच्या मनात काय होतं ते कडूबाला कधीच कळत नसे. खरं तर जावयाच्या बाबतीतला हाही एक प्रश्नच होता.

पहिल्या दिवशी ट्रॉली भरली आणि कडूबानं ट्रॅक्टर चढाला लावला. अर्ध्यात गेला न गेला तोच एक मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. दोन्ही चाकं एकत्र बांधणारं पायडल त्यानं दाबलं, तर दोन्ही फिरायला लागली. गारा उडून मुकादमाच्या टोपीवर गेला. टोळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, कडूबाला वाटलं थंडीनं. शेवटी अर्ध्या मोळ्या खाली उतरवल्या, तेव्हा कुठं ट्रॅक्टर कण्हत कण्हत वर गेला.

"असं चाललं तर आम्ही होळीपर्यंत इथंच," मुकादम म्हणाला.

कडूबाचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. तो वाकून टायर बघत होता. टायर काही घासून गोटा झालेला नव्हता, दोन पावसाळे खाल्लेला, चांगला जाडजूड पट्ट्यांचा होता. मग घसरतो कसा? त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं. पट्टी वरून सपाट, पाटीसारखी गुळगुळीत. मुरूम खाली कडक, पट्टी वर सपाट, मधे ओला गारा. मग पकडणार कशाला?

जेवणं झाल्यावर त्यानं दुर्गाबाईला मोबाइल दाखवला. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातला एक माणूस, डोक्यावर लाल लोकरीची टोपी, हातात तापलेलं पातं. त्या पात्यानं तो ट्रॅक्टरच्या टायरच्या जाड पट्ट्यांवर आडव्या बारीक खाचा पाडत होता. लोण्यातून सुरी जावी तसं रबर कापलं जात होतं. मग तोच ट्रॅक्टर बर्फावरून डुलत डुलत चालला. माणूस काय बोलत होता ते कुणाच्या बापाला कळलं नसतं, पण त्याच्या तोंडावरचा आनंद कडूबाला नीट कळला. ओळखीचा होता तो आनंद.

"बर्फावर चालतं, तर मंग गाऱ्यावर का चालू नये?" कडूबा म्हणाला.

"त्या बर्फात ऊस असतो का?" दुर्गाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"त्याच्या जावयाचा हाय का तो ट्रॅक्टर?"

"ते काय त्यानं सांगितलं न्हाई."

"मंग झोपा गुमान."

कडूबा झोपला, पण गुमान नव्हे. शपथ त्याला आठवत होती. बोनट उघडायचं नाही, नट फिरवायचा नाही. तो शब्द शब्द तपासून बघायला लागला. टायरचं नाव काही पोरीनं घेतलं नव्हतं. 'काही म्हणता काही करायचं न्हाई' हे ती म्हणाली होती, पण ते माणूस बोलण्याच्या भरात म्हणतो. चोराला वाट सापडते तशी कडूबाला ती वाट सापडली, आणि सकाळी टोळी ऊस तोडत असताना त्यानं ट्रॉली सोडवून ट्रॅक्टर भोकरदनच्या वाटेला लावला.

भोकरदनला नाक्याच्या अलीकडं संपतचं टायरचं दुकान होतं. पंक्चर, हवा, आणि घासलेल्या ट्रकच्या टायरांना गरम पात्यानं पुन्हा खाचा पाडून देणं, हे त्याचं काम. दुकानात बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली एक जुना रेडिओ, जो कडूबानं एकदा दुरुस्त करून दिला होता आणि जो तेव्हापासून फक्त एकच स्टेशन लावायचा. संपतला त्याचं काही वाटलं नव्हतं. ते स्टेशन त्याला आवडायचं.

"ट्रॅक्टरला खाचा?" संपत म्हणाला. "आजपर्यंत कुणी सांगितलं न्हाई ब्वा. टायर कुणाचाय, कडूबा भाऊ?"

"आपलाच समजा."

"समजा म्हणजे?"

"जावयाचा हाय."

संपतनं हातातलं पातं खाली ठेवलं. "जावयाच्या टायरला मी हात लावत न्हाई. उद्या तुमची पोरगी घरी येऊन बसली, तर नाव माझं घेतील."

"बराबर हाय तुमचं," कडूबा म्हणाला, आणि खिशातून मोबाइल काढून नुसता समोर धरला.

संपतनं आधी तिरक्या नजरेनं बघितलं. मग चष्मा लावला. मग मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. "पातं कसलंय ओ याचं? आपल्यापेक्षा बारीक दिसून राह्यलं." पुन्हा पहिल्यापासून लावलं. "अन् खोल किती चाललाय बघा. तळाला लागू दिलं न्हाई त्यानं. तळाला लागलं की टायर गेला." दोघं डोक्याला डोकं लावून बघत बसले. चहा आला आणि थंड झाला. एक बसवाला हवा मारायला येऊन, हॉर्न वाजवून, शिव्या देऊन निघून गेला.

"चालंल का पण आपल्या मातीत?" शेवटी संपतनं विचारलं.

"तेच तर बघायचंय."

"मलाबी," संपत म्हणाला, आणि पातं तापायला लावलं.

इथं कडूबाच्या डोक्यातून ती अक्कल निघाली, जी फक्त त्याच्याच डोक्यातून निघू शकते. तो म्हणाला, "दोन्ही टायरला नको. एकालाच पाडू, डाव्याला. दोन्हीला पाडल्या अन् ट्रॅक्टर चढला, तर कशामुळं चढला ते कसं कळणार? दव कमी होतं म्हणून चढला का खाचांमुळं? एक कापलेला, एक न कापलेला, एकाच चढावर, एकाच वेळेला. जे चाक फिरंल ते हरलं." संपतला हे इतकं पटलं की त्यानं मजुरी अर्धी सांगितली. आपण आता जावयाच्या ट्रॅक्टरला एक पाय बुटातला आणि एक अनवाणी करून ठेवतोय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. रबराच्या जळक्या वासात एकेक खाच पडत गेली आणि खाली काळ्या शेवयांचा ढीग साचला. त्यातली एक शेवई कडूबानं खिशात घातली. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी चढावर परीक्षा झाली. ट्रॉली पूर्ण भरलेली, मुकादम टोपी काढून लांब उभा. कडूबानं पायडलला पाय लावला नाही. चढाच्या मध्यावर आल्यावर उजवं चाक भिरभिर फिरायला लागलं, आणि डावं, खाचांचं, मुरमाला धरून गप उभं राहिलं. कडूबा इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. वाकून बघतो तर डाव्या टायरच्या खाली खाचांची नक्षी मुरमात अशी उमटलेली, की हात लावावासा वाटावा. त्यानं हात लावला. मग वर चढून त्यानं पायडल दाबलं, डाव्या चाकानं ओढ घेतली आणि अख्खी ट्रॉली सडकेवर गेली. टोळीतल्या बायकांनी या वेळी पदर तोंडाला लावला नाही, उघड हसल्या. मुकादमानं तंबाखू पुढं केली. कडूबानं तिथूनच संपतला फोन लावला आणि दोघं लहान लेकरांसारखे एकाच वेळी बोलत राहिले.

असा सगळा ऊस निघाला असता तर गोष्ट इथंच संपली असती आणि कडूबानं जन्मभर सांगितली असती. पण शनिवारी वरच्या शेतकऱ्यानं गव्हाला पाणी सोडलं. रविवारी शेवटची खेप भरायला ट्रॅक्टर सखलात उतरला, आणि त्या चिकण काळ्या गाऱ्यात त्या बारीक खाचा एकेक करून बुजल्या. खाचेत बसलेला गारा निघेना, त्याला दुसरा चिकटला, दुसऱ्याला तिसरा. थोड्याच वेळात डावं चाक म्हणजे गाऱ्याचा एक मोठा लाडू झाला आणि जागच्या जागी फिरायला लागलं. या वेळी उजवं धरून उभं होतं. पायडल दाबून बघितलं, तर दोन्ही चाकांनी मिळून खड्डा तेवढा खोल केला.

बर्फ वितळून जातो, काळी माती जात नाही. एवढी साधी गोष्ट! कडूबा हसला. खरंच हसला, कारण एकाच टायरनं दोन जागी दोन उत्तरं दिली होती आणि दोन्ही खरी होती. तेवढ्यात चढावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

सोमेश्वर आला होता. मागं अक्षता होती.

सोमेश्वर चढ उतरून खाली आला, ट्रॅक्टरला एक चक्कर मारली, आणि डाव्या टायरपाशी थांबला. हातानं थोडा गारा बाजूला केला. खाली खाचा दिसल्या.

"मामा, हे काय?"

काही थाप मारावी असं कडूबाला वाटलं. थापा त्याला सुचत होत्या, चांगल्या होत्या. पण पोरगी समोर उभी होती. "पाव्हणं, म्या कापून घेतलाय. संपतचा दोष न्हाई. अक्षताचा तर बिलकुलच न्हाई, तिनं मला शप्पथ घातली व्हती. ती म्या मोडली."

जावई सासऱ्याला बोलत नसतो. सोमेश्वर बायकोकडं वळला. "तू जबाबदारी घेतली होतीस. आईला आता मी काय सांगू?"

अक्षताचं तोंड उतरलं. कडूबाला वाटलं, या गाऱ्यात आपण ट्रॅक्टरपेक्षा खोल जावं. आपल्या एका हौसेपायी पोरीची मान त्या घरात खाली जाणार, आणि ती वर यायला किती वर्षं लागणार कोण जाणे. तो काहीतरी बोलायला गेला, पण अक्षता खाली बसली होती. साडी गाऱ्यात टेकली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. केसातला आकडा काढून तिनं एका खाचेतला गारा कोरून काढला.

"बाबा, चढावर कोणतं चाक फिरलं होतं?"

"उजवं. न कापलेलं."

"अन् इथं?"

"डावं."

तिनं खाचेत करंगळी घालून बघितली. "करंगळीसुद्धा बसत न्हाई. एवढ्या बारीक खाचेत गारा बसला तर निघणार कसा? रुंद पाडायला पाहिजे होत्या. बाहेरच्या अंगाला उघड्या. म्हणजे चाक फिरलं की आपोआप बाहेर पडंल. न्हाई का?" ती नवऱ्याकडं वळली. "आपल्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकावर गारा का साचत न्हाई हो? त्याच्या पट्ट्या वेगळ्या असतात म्हणून का ते नुसतं ढकललं जातं म्हणून?"

सोमेश्वर तिच्याकडं बघतच राहिला. "तू घरी तर कधी असं काही विचारत न्हाईस," तो म्हणाला. "मला वाटलं तुला यातलं काही आवडत न्हाई."

अक्षता आकडा पदराला पुसत होती. "मी कबूल केलं होतं."

"कुणाला?"

तिनं मान वर न करता बापाकडं हात केला. "पाठवणीच्या वेळी. बाबा म्हणले, बाई, तिकडं गेल्यावर जास्त प्रश्न इचारू नको, लोकं येडं म्हणतील, माझ्यासारखं. मी हो म्हणले."

कडूबाला मांडवाचं दार आठवलं. हे वाक्य त्यानं मोठ्या शहाणपणानं म्हटलं होतं, कारण जन्मात एकदा तरी बापासारखं काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं होतं. त्यानंतर भेटेल तो पाहुणा सांगायचा, अक्षता फार शांत झाली, समजदार झाली. आणि तो मान डोलवायचा. स्वतः एक आठवडा शपथ पाळू शकला नव्हता तो. पोरीनं दोन वर्षं पाळली होती. रोज सकाळी उठून, ओठाशी आलेला प्रत्येक प्रश्न गिळून. कसे गिळले असतील तिनं? त्याचा तर एक गिळताना जीव जायचा.

"मोड ती," कडूबा म्हणाला. "मोड, बाई. म्या चुकीचं सांगितलं. लागंल ते इचार. येडं म्हणतील तर म्हणू दे, मी म्हणवून घेतलंच की एवढी वर्षं. तरी जेवण जातंय मला." आणि डोळ्यातलं पाणी त्यानं गाऱ्याच्या हातानं पुसलं, त्यामुळे तोंड असं झालं की सोमेश्वरला दुसरीकडं बघावं लागलं.

मग सोमेश्वरनं मोबाइल काढला. क्षणभर तो हातात धरून उभा राहिला, आणि मग त्यानं तो अक्षतापुढं केला. "आईला तूच सांग. मला नीट सांगता येणार न्हाई."

अक्षतानं फोन लावला. कडूबा बांधाला टेकून उभा राहिला. "आत्या, बाबांनी टायर कापला," ती सरळ म्हणाली. "हो, आपल्याच ट्रॅक्टरचा. डाव्या टायरला खाचा पाडल्या. न्हाई, उजवा तसाच हाय. जबाबदारी माझी होती, मला बोला. पण बोलायच्या आधी माझं ऐकून घ्या. अन् मला आपल्या विहिरीवरच्या मोटरीचंबी एक विचारायचंय, लग्न झाल्यापासून राहिलंय."

सोमेश्वरनं खाली बघितलं. मोबाइलचा आवाज मोठा होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"ते सगळं राहू दे," सगुणाबाई म्हणाली. "मला आधी एक सांग. कापायचाच होता, तर एकच का कापला?"

अक्षता बांधावर मांडी घालून बसली आणि सासूला पहिल्यापासून सांगायला लागली.